शिकविणाऱ्यांना विचार शिकविणारा : जॉन ड्यूई

तृतीय वर्षाच्या आमच्या वर्गात मी जरा आडवाटेने आलेला विद्यार्थी आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकलो, मग बारावीची परीक्षा दिली आणि आता तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. करतो आहे. रंधा टाकून कांट उचलला म्हणून मित्र माझी थट्टा करतात. खरे तर मला पुन्हा रंध्याकडेच जावयाचे आहे. पदवीनंतर शिल्पनिदेशकाचे प्रशिक्षण घ्यावे आणि मुलांना सुतारकाम शिकवावे असा माझा बेत आहे. हा लेख एका अमेरिकन तत्त्वज्ञाच्या जीवनाविषयी आहे. पण तो मी का लिहितो आहे हे कळण्यासाठी आधी माझ्या दोन फजित्या सांगितल्या पाहिजेत.

पहिली फजिती दाराच्या चौकटीची. प्रशिक्षणात हाफ लॅपपासून डव्हटेलपर्यंत सगळे जॉब मी केले होते आणि प्रत्येकाला चांगले गुण मिळविले होते. घरी आल्यावर बाबांनी एका जुन्या मातीच्या घराची चौकट बसविण्याचे काम माझ्यावर सोपविले. चौकट मी गुण्यात चोख केली. पण ती भिंतच ओळंब्यात नव्हती! वर बसविली की खाली फट पडे, खाली बसविली की वर अडे. माझ्या जॉबच्या वहीत ह्या अडचणीचे पान नव्हते. मी तासभर नुसता उभा राहिलो. बाबा जन्माचे सुतार. पण त्यांनी एक शब्द सांगितला नाही. ते चहा प्यावयास निघून गेले. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

दुसरी फजिती मी शिक्षक झालो तेव्हाची. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या मुलांना आकाशकंदील करावयास शिकविला. बांबूच्या कामट्या मीच मापात कापल्या, कागद मीच कापून ठेवला, कृती फळ्यावर क्रमाने लिहिली. चौदा कंदील अगदी एकसारखे झाले. एका मुलाने मात्र होडीच्या आकाराचा कंदील करावयास घेतला होता आणि तो काही केल्या नीट लटकेना. मी तो त्याच्या हातातून घेतला, सोडविला आणि फळ्यावरच्यासारखा करून दिला. जाताना तो मुलगा आपला कंदील तेथेच ठेवून गेला.

ह्या दोन्ही प्रसंगांची आठवण मला पुन्हा झाली ती आमच्या विभागाच्या कपाटात सापडलेल्या एका पुस्तकामुळे. पुस्तकाचे नाव ‘हाउ वुई थिंक’, साल १९१०, लेखक जॉन ड्यूई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू एवढीच ह्या गृहस्थांची ओळख मला होती. हे पुस्तक त्यांनी मुख्यतः शिक्षकांसाठी आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिले, हे उघडून पाहिल्यावर कळले.

ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन ह्या गावी झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांचा एक लहानगा भाऊ भाजून दगावला होता. त्याचेही नाव जॉन. तेच ह्या मुलाला दिले. वडील किराणा दुकानदार, आई अत्यंत धर्मनिष्ठ. बर्लिंग्टन त्या काळी इमारती लाकडाची मोठी पेठ होती. कॅनडातून येणारे लाकूड मोजून नोंदविण्याचे काम जॉनने पोरवयात केले आणि वर्तमानपत्रेही घरोघर टाकली. लाकडाचे माप घेणारा तत्त्वज्ञ! सुताराच्या मुलाला ह्याचे अप्रूप वाटणारच.

१८७९ मध्ये ते व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे दोन वर्षे पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी ह्या गावी आणि मग काही महिने आपल्याच राज्यातील शार्लट ह्या खेड्यात त्यांनी शाळेत शिकविले. शिक्षक होण्याचे कसलेही प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये डॉक्टरेट, मिशिगनमध्ये प्राध्यापकी, मध्ये एक वर्ष मिनेसोटा, असा नेहमीचा विद्वानाचा प्रवास आहे. तो मी भरभर ओलांडतो. १८८६ मध्ये अ‍ॅलिस चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ही घटना मात्र ओलांडण्यासारखी नाही. ड्यूई यांना ग्रंथांतून उचलून शाळेच्या वर्गात आणण्यात ह्या बाईंचा मोठा वाटा आहे, आणि ‘हाउ वुई थिंक’च्या प्रस्तावनेत त्यांनी तसे मोकळेपणाने मान्यही केले आहे.

१८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे तिन्ही विषय त्यांच्याकडे होते. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्रालाही लागते, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १८९६ मध्ये ती उघडली. मुले १६ आणि शिकविणारी माणसे दोन. त्या दोघांपैकी एक हस्तव्यवसायाचा शिक्षक होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एरवी शाळा उभी राहते तेव्हा हस्तव्यवसायाचा शिक्षक सर्वांत शेवटी नेमला जातो, आणि काटकसर आली की सर्वांत आधी जातो.

ह्या शाळेसाठी ड्यूई बाके शोधत शिकागोतील दुकाने फिरले. मनासारखे काही मिळेना. अखेर एका चतुर दुकानदाराने निदान केले, की ह्यांना मुलांनी काम करण्याजोगे काही हवे आहे, आणि बाजारात आहेत ती सगळी बाके मुलांनी ऐकत बसण्यासाठी केलेली आहेत. ड्यूई यांनी हा किस्सा पुढे आपल्या व्याख्यानांत सांगितला.

शाळेत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम होते. पण मुलांना आचारी किंवा सुतार करावे हा हेतू नव्हता. त्यातील एक धडा मी वऱ्हाडातला असल्यामुळे दोनदा वाचला. मुलांच्या हातात कच्ची लोकर आणि कापसाची बोंडे दिली. आपले पूर्वज सुती कपड्यांच्या आधी लोकरी कपडे का वापरू लागले, असा प्रश्न निघाला. उत्तर कोणी सांगितले नाही. मुले बोंडातून सरकी काढावयास बसली. अर्धा तास खपल्यावर एक औंसही कापूस निघाला नाही! हाताने सरकी काढून एका माणसाचा दिवसाकाठी एखादा पौंड कापूस होईल, हे त्यांनीच ताडले. धागे ओढून पाहिले तेव्हा कापसाचा तंतू लोकरीच्या मानाने आखूड आहे हेही हाताला कळले. मग सरकी काढण्याचे यंत्र कशासाठी आले आणि त्याने काय उलथापालथ केली, हा इतिहास त्यांना शिकवावा लागला नाही. ती त्याच्या दारातच बसली होती. आमची आजी वातींसाठी सरकी काढीत बसे तेव्हा मी शेजारी बसून इतिहासाची सनावळी पाठ करीत असे. दोन गोष्टी एकाच ओसरीवर होत्या आणि त्यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

अंड्याचा धडाही असाच. कृती लिहून द्या, आम्ही तशी अंडी शिजवितो, असे एका मुलाला वाटत होते. त्याऐवजी मुलांनी पाणी कोणत्या उष्णतेला कसे होते आणि त्या त्या उष्णतेचा अंड्याच्या पांढऱ्या भागावर काय परिणाम होतो हे पाहून ठेवले. त्यांच्या हाती एका कृतीऐवजी अनेक कृतींचे कारण आले.

येथे शिक्षकांचा प्रश्न येतो. असा धडा घेणाऱ्याला पुढची पायरी फळ्यावर लिहून ठेवता येत नाही. मूल कोठे अडेल हे त्यालाही आधी ठाऊक नसते. म्हणून शाळेतील शिक्षक दर आठवड्याला एकत्र बसत, काय फसले ते मांडीत आणि पुढचे ठरवीत. एला फ्लॅग यंग ह्या अनुभवी बाई ड्यूई यांच्या सहकारी होत्या. त्या पुढे १९०९ मध्ये शिकागोच्या सर्व शाळांच्या प्रमुख झाल्या. शाळा कशी चालवावी ह्याबाबत आपण त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो, असे ड्यूई सांगत. शाळा वाढून १९०२ च्या सुमारास १४० मुले आणि २३ शिक्षक झाले. म्हणजे एका शिक्षकामागे साधारण सहा मुले. आपल्याकडील साठ-सत्तरांच्या वर्गात हे कसे करावयाचे, ह्याचे उत्तर ड्यूई यांच्या पुस्तकांत मला सापडले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवितो.

त्या काळच्या अमेरिकेत हस्तव्यवसाय शिकविण्याची एक पद्धत आधीपासून होती. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयाने आपली पद्धत मांडली होती. हत्यारांच्या क्रियांचे तुकडे पाडावयाचे, सोप्याकडून अवघडाकडे सांधे करून घ्यावयाचे, आणि त्या सांध्यांपासून कोणतीही वस्तू करावयाची नाही. माझ्या जॉबच्या वहीची ही पणजी! ड्यूई यांचा आक्षेप असा, की हत्यार कशासाठी हे ठाऊक नसताना केलेल्या सरावाने हात तयार होतो आणि बुद्धी बाहेर राहते. साहित्य आधीच इतके तासून-कापून द्यावयाचे की चूक होऊच नये, हेही त्यांना मान्य नव्हते. चुका व्हाव्यात म्हणून नव्हे, तर चुकीला जागाच नसेल तर निर्णयालाही जागा उरत नाही म्हणून. माझ्या चौदा कंदिलांचे रहस्य हेच होते. तरीही एवढे म्हणेन, की सरावाचे जॉब केले नसते तर ती चौकट मला मुळात करताच आली नसती. ह्या बाबतीत मी ड्यूईंचा अर्धाच शिष्य आहे.

१९०४ मध्ये त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला. माझ्यासारख्याने तो वाचलाच पाहिजे. त्यात त्यांनी दोन वाटा दाखविल्या. एक उमेदवारीची : गुरूच्या हाताखाली राहून वर्ग ताब्यात ठेवण्याच्या आणि धडा पार पाडण्याच्या युक्त्या शिकावयाच्या. दुसरी प्रयोगशाळेची : मूल विचार कसा करते हे आधी पाहावयास शिकावयाचे. पहिल्या वाटेने नवशिका लवकर तयार होतो खरा. पण वर्ग शांत ठेवण्याच्या धास्तीने जे चालते ते उचलतो आणि जन्मभर तेच करीत राहतो. मुलांचे डोळे पुस्तकावर आहेत, हे बाहेरचे लक्ष त्याला दिसते. आतले लक्ष कोठे गुंतले आहे हे पाहण्याची नजर त्याला येतच नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली : प्रशिक्षणार्थी वर्ग घेत असताना वरिष्ठाने त्याच्या मानगुटीवर बसून क्षणोक्षणी चुका काढू नयेत. त्याला स्वतःच्या बुद्धीने चालू द्यावे, फसू द्यावे आणि मग आपले काय चुकले हे त्याचे त्याला शोधावयास मदत करावी. ज्याने स्वतः अडचणीतून वाट काढलेली नाही, तो दुसऱ्याला ती काढू देणार नाही. पहिल्या अडखळीलाच हातातले काम काढून घेईल.

हे वाचून मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांना त्या चहाविषयी विचारले. ते म्हणाले, की तेथे उभा राहिलो असतो तर हात राहिला नसता, मीच चौकट बसवून मोकळा झालो असतो. परत आल्यावर त्यांनी मला फक्त पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते आणि दार कोणीकडे उघडावयाचे आहे, एवढेच विचारले होते. हे मी साफ विसरलो होतो. मग मी चौकट ओळंब्यात ठेवून भिंतीलाच पाचर आणि गिलावा दिला होता.

त्याच १९०४ साली ड्यूई यांच्यावर आघात झाले. विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांच्याशी शाळेच्या व्यवस्थेवरून आणि अ‍ॅलिसबाईंच्या मुख्याध्यापकपदावरून बिनसले आणि त्यांनी राजीनामा दिला. युरोपच्या प्रवासात आठ वर्षांचा गॉर्डन विषमज्वराने आयर्लंडमध्ये वारला. त्याआधी १८९५ मध्ये मॉरिस हा दुसरा मुलगा इटलीत घटसर्पाने गेला होता. ह्याच प्रवासात त्यांनी इटलीतील सबिनो नावाच्या मुलाला दत्तक घेतले. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथलेच राहिले. त्यांची प्रयोगशाळा पुन्हा कधी त्यांच्या हाती आली नाही.

कोलंबियाला जोडलेले टीचर्स कॉलेज मुळात गरीब मुलांना हातकाम शिकविण्याच्या चळवळीतून १८८० च्या दशकात निघालेले. ड्यूई तेथील विद्यार्थ्यांनाही शिकवीत. तेथेच पुढे फ्रेडरिक बॉन्सर आणि लोइस मॉसमन यांनी हस्तव्यवसायाला नवे रूप देऊन १९२३ मध्ये प्राथमिक शाळांतील औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहिला. माणसाने अन्न, वस्त्र, निवारा ह्यांसाठी पदार्थांत कसे बदल केले हा त्यांचा विषय. आज शाळेत तंत्रज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाचे घराणे शोधीत मागे गेले तर ह्या वाटेवर ड्यूई भेटतात.

आता त्या पुस्तकातील पेल्यांची गोष्ट. साबणाच्या गरम पाण्यात विसळलेले काचेचे पेले थाळीत उपडे ठेवले असता काठाखालून बाहेर बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने तेच आत जातात. असे का? आधी नुसते आश्चर्य वाटते. मग अडचण नेमकी कोणती हे ठरते : आत हवा कोठून वाढली? मग तर्क सुचतो, की पेला उचलताना गार हवा आत शिरली आणि काचेच्या उष्णतेने ती प्रसरण पावली. तसे असेल तर पेला निवताच हवा आकसून बुडबुडे आत गेले पाहिजेत. आणि शेवटी पडताळा : बाहेर बुडबुडे येत असतानाच पेल्यावर बर्फ ठेवला तर ते लगेच उलटावेत. मी वसतिगृहाच्या खाणावळीत हा प्रयोग केला. पहिल्यांदा पेले फार निवलेले असल्याने काहीच झाले नाही आणि आचाऱ्याची बोलणी खावी लागली. दुसऱ्यांदा बुडबुडे चक्क उलटे फिरले!

अडचण जाणवणे, ती नेमकी ओळखणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम मनात ताडणे आणि करून पाहणे, असे विचाराचे पाच टप्पे ड्यूई यांनी ह्यातून दाखविले. आणि मग झाले ते पाहण्यासारखे आहे. शिक्षकांच्या पाठ्यपुस्तकांनी हे पाच टप्पे उचलले आणि त्यांचीच पाककृती केली! समस्या सोडविण्याची पद्धत, पायऱ्या पाच, क्रमाने लिहा, गुण इतके. कृती पाठ करण्याविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या माणसाची हीच कृती पाठ होऊ लागली. १९३३ मध्ये त्यांनी पुस्तक नव्याने लिहिले तेव्हा स्पष्ट केले, की ह्या टप्प्यांचा क्रम ठरलेला नाही. ते मागेपुढे होतात, एकमेकांत मिसळतात. त्याचा फारसा उपयोग झाला असे दिसत नाही. उलट बाजूने काही नव्या शाळांनी मुलांना नुसते मोकळे सोडण्यालाच ड्यूई-पद्धत म्हणावयास सुरुवात केली. त्यांचेही कान त्यांनी १९३८ च्या ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’मध्ये उपटले.

आणखी एका वादाचा उल्लेख केलाच पाहिजे. कारागीर होणाऱ्यांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात आणि त्यांत कारखान्याला लागेल तेवढेच शिकवावे, असे डेव्हिड स्नेडन यांचे मत होते. १९१५ मध्ये ड्यूई त्यांच्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले. ज्याला आज्ञेप्रमाणे काम करावयाचे त्याला विचार कशाला, हा त्या योजनेतला गर्भित अर्थ त्यांना लोकशाहीचा घात वाटत होता. १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये ही बाजू त्यांनी सविस्तर मांडली. हातांचे काम एका जातीचे आणि डोक्याचे दुसऱ्या जातीचे अशी वाटणी आपल्या देशाइतकी कोणाला ठाऊक असणार? १९१३ ते १९१६ ह्या काळात तरुण भीमराव आंबेडकर कोलंबियात ड्यूई यांच्या व्याख्यानांना बसत होते. १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या, जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी ड्यूई यांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

गंमत अशी, की ही व्याख्याने ऐकावयास कंटाळवाणी असत. ड्यूई खुर्चीत बसून, समोर एखादा चुरगळलेला कागद ठेवून, खिडकीबाहेर पाहत, थांबत थांबत बोलत. पुष्कळांना झोप येई. ज्यांनी टिपणे काढली त्यांना नंतर कळले, की हा माणूस तयार धडा म्हणून दाखवीत नव्हता. तो समोर बसून विचार करीत होता. आमच्या काही प्राध्यापकांनी हे वाक्य स्वतःच्या बचावासाठी वापरू नये, ही विनंती.

उत्तरायुष्यात ते चीनमध्ये दोन वर्षे राहिले, तुर्कस्तान, मेक्सिको, रशिया येथील शाळा पाहून आले, शिक्षकांच्या संघटनेचे सभासद झाले. १९३७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, ट्रॉट्स्कीवरील आरोपांच्या चौकशीसाठी मेक्सिकोत गेले. अ‍ॅलिसबाई १९२७ मध्ये वारल्या होत्या. १९४६ मध्ये त्यांनी रॉबर्टा ग्रँट यांच्याशी विवाह केला. १ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी डॉ. आंबेडकर तेव्हाच निघाले होते. गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. विमान न्यूयॉर्कला पोचण्यापूर्वीच ड्यूई गेले होते. ५ जूनला पदवीदान झाले. ड्यूई यांच्या अस्थी आज बर्लिंग्टनला, ज्या गावी त्यांनी लाकडे मोजली तेथे, विद्यापीठाच्या आवारात आहेत.

तो होडीचा कंदील मी ह्या सत्रात वसतिगृहात दोनदा करून पाहिला. नाळेकडची बाजू खाली झुकते. दोरा मागे सरकवावा की वल्ह्याच्या जागी वजन द्यावे हे मला अजून उमगलेले नाही. दिवाळीला त्या मुलाकडे जाऊन विचारणार आहे, आणि जाताना कामट्या अखंड घेऊन जाणार आहे, न कापता.